ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी एक्सेल : पाचपैकी चार

दिवाळी अंकांची कामं आली की लोअर परळच्या आमच्या छापखान्यात दोन्ही पाळ्या लांबतात. बाइंडिंगचे मामा रात्री उशिराची कर्जत लोकल धरतात. नऊ तासांच्या वरच्या वेळेला आमच्याकडे दुप्पट दर आहे, त्यामुळे पगारपत्रकात कुणाचं एक मिनिटही इकडचं तिकडे होता कामा नये. हा हिशेब मी एक्सेलमध्ये करते आणि त्याला पाचपैकी चार गुण देते.

कापलेला गुण कशाचा, ते आधी. हजेरीच्या यंत्रातून निघणाऱ्या फाइलमध्ये कामाची वेळ ‘८एच ४०एम’ अशी अक्षरं लावून येते. आपल्याला ती वेळ दिसते, एक्सेलच्या लेखी मात्र ते नुसतं टेक्स्ट. आणि तुलना करताना एक्सेल कुठलंही टेक्स्ट कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं धरतं. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे अट पुरी झाली की सेलला आपोआप रंग देणाऱ्या सोयीत, ‘नऊ तासांहून जास्त असेल तर नारिंगी’ असा नियम लावला, तर आठ तास चाळीस मिनिटंही नारिंगी होतात आणि पंचेचाळीस मिनिटंही. चूक दाखवणारी खूण कुठेच उमटत नाही. पैशाच्या हिशेबात ही गप्प बसण्याची सवय मला अजिबात पटत नाही.

उपाय मात्र त्याच्याच पोटात आहे. शेजारी एक कॉलम घ्यायचा. सबस्टिट्यूट या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनने ‘एच’ आणि त्यामागची स्पेस काढून तिथे कोलन घालायचा, ‘एम’ उडवायचा आणि सगळं व्हॅल्यू या टेक्स्टचा आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळायचं. एक्सेलमध्ये अख्खा दिवस म्हणजे १, म्हणून ८:४० चे होतात ०.३६११ आणि नऊ तासांचे बरोबर ०.३७५. रंगाचा नियम या कॉलमवर, ०.३७५ च्या वर असा लावला, की ज्यांचा ओव्हरटाइम खरंच झालाय तेवढीच नावं उठून दिसतात.

एक जागा जपायची. कुणी अर्ध्यातून घरी गेलं आणि नोंद फक्त ‘४५एम’ अशी आली, तर ‘एम’ उडाल्यावर उरतात नुसते ४५, म्हणजे पंचेचाळीस दिवस! म्हणून सर्च या शोधणाऱ्या फंक्शनने ‘एच’ आहे का ते बघून, नसेल तिथे इफ हे अट तपासणारं फंक्शन वापरून आकड्याच्या आधी ‘०:’ जोडायचं.

खरं कौतुक आठवड्याच्या बेरजेचं. साध्या तास-मिनिटांच्या फॉरमॅटमध्ये ५२:३० ही बेरीज ४:३० अशी दिसते, कारण पूर्ण झालेले दोन दिवस बाजूला पडतात. फॉरमॅटमधल्या तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घातला, की ५२:३० जसेच्या तसे समोर येतात. टाइमव्हॅल्यू हे फंक्शन नावावरून याच कामाचं वाटतं, पण तेही चोवीस तासांच्या वरचं टाकून देतं. इथे व्हॅल्यूच हवं.

पन्नास-साठ माणसांची हजेरी सांभाळणाऱ्यांनी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हे जरूर करून पाहावं. ब्राउझरमधली मोफत आवृत्तीही याला पुरते. फक्त रंग भरण्याआधी नव्या कॉलमवर काउंट आणि काउंटए दोन्ही चालवा. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए भरलेले सगळे सेल. दोन्हींत फरक आला, तर तेवढ्या माणसांची वेळ अजून आकडा झालेली नाही. त्या ओळी शोधून दुरुस्त झाल्याशिवाय मी पत्रक सहीला पाठवत नाही.