ऊडनडाटा ट्रॅकवर भाड्याची फोर-व्हील-ड्राइव्ह : छतावरच्या तंबूचे परीक्षण

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाताना लागणारा स्टुअर्ट महामार्ग संपूर्ण डांबरी आहे आणि त्यावरून उलुरू या प्रसिद्ध प्रचंड खडकाकडे फुटणारा फाटाही डांबरीच आहे. त्यामुळे ज्यांना केवळ उलुरू पाहून परतायचे आहे, त्यांनी छतावर तंबू बसवलेली फोर-व्हील-ड्राइव्ह भाड्याने घेणे हा शुद्ध अपव्यय होय. साधी कॅम्परव्हॅन स्वस्त पडते आणि तिच्यात झोपही चांगली लागते. आम्ही ही गाडी घेतली ती मारी ते मार्ला हा सुमारे 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता, म्हणजे ऊडनडाटा ट्रॅक, पार करण्यासाठी. तिचे गुणदोषही त्याच रस्त्याच्या हिशेबाने सांगितलेले बरे.

गाडी चार दारांची डिझेल पिकअप होती. तंबू उघडण्यास फारसे कष्ट नाहीत: पट्टे सोडायचे, शिडी ओढायची आणि तिच्याच भाराने तंबू उलगडू द्यायचा. खरी परीक्षा सकाळी असते, कारण थंडीने कडक झालेले कापड चारी बाजूंनी आत खोचल्याशिवाय वरचे आवरण बसत नाही आणि चेनच्या दातांत अडकलेली लाल धूळ ब्रशने काढल्याशिवाय चेन पुढे सरकत नाही. मे ते सप्टेंबर हा या भागातील प्रवासाचा योग्य काळ असला, तरी रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो. कंपनीने दिलेल्या झोपायच्या पिशव्या अशा थंडीत अपुऱ्या पडल्या. शिवाय, तंबू गाडीवरच असल्याने सूर्यास्त पाहायला चार किलोमीटर जायचे म्हटले तरी अख्खे बिऱ्हाड गुंडाळावे लागते, आणि मध्यरात्री शिडीवरून खाली उतरणे वयस्कर मंडळींना अजिबात जमण्यासारखे नाही.

स्वयंपाकाची व्यवस्था मात्र विचारपूर्वक केलेली आहे. मागच्या फळीवर दोन शेगड्यांचा गॅस मांडता येतो, बाजूला सावलीचे कापड ताणता येते, आणि फ्रिज दुसऱ्या स्वतंत्र बॅटरीवर चालत असल्याने रात्रभर सुरू ठेवूनही सकाळी इंजिन निमूटपणे सुरू झाले. कुकरच्या शिट्ट्या त्या निर्मनुष्य माळावर किती दूर जात असतील कोण जाणे! दोष आहे तो मागच्या दाराच्या रबरात. ते झिजलेले असल्याने धूळ थेट खणांत शिरत होती, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले पोहे सोडले तर ताटवाट्यांसकट सर्वांवर तांबूस थर बसत होता. रबर बदलणे ही काही मोठी दुरुस्ती नव्हे. एवढे भाडे घेणाऱ्या कंपनीने ती टाळावी हे पटत नाही.

या रस्त्यावर गाडीइतकेच महत्त्व करारपत्राला आहे. कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, ती कोणत्या रस्त्यांना आहे, टायर, काच आणि गाडीचा तळ विम्यात येतात का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. आमच्या विम्यातून तळ आणि पाण्याने होणारे नुकसान वगळलेले होते. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवण्यासही मनाई होती, आणि कांगारू व मोकळी गुरे पाहता ती रास्तच आहे. पाऊस झाला की ट्रॅक बंद होतो. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड तर होतोच, वर विमाही हातचा जाण्याची शक्यता असते. दुसरे जादा चाक आग्रहाने मागून घ्यावे. रस्ता मैलोन्‌मैल पन्हाळी पत्र्यासारखा आहे. टायरमधील हवा कमी केली की हादरे जाणवण्याइतके कमी होतात. पण डांबरी रस्ता लागला की ती पुन्हा भरावी लागते. त्यामुळे गाडीतला छोटा एअर कॉम्प्रेसर ही चैन नसून गरज आहे. तो या गाडीत होता आणि उत्तम चालला, हे आवर्जून नोंदवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर रस्त्यातच आहे. 1872 मध्ये पूर्ण झालेली तारायंत्राची वाट आणि 1980 मध्ये बंद झालेला जुना घान लोहमार्ग यांच्या सोबतीने हा ट्रॅक जातो, कारण भूगर्भातील पाणी वर आणणारे झरे याच पट्ट्यात आहेत. येथे मालवाहतूक करणारे उंट आणि उंटवाले 1860 च्या दशकापासून कराचीहून येत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मारी हे त्या उंटवाल्यांचे मोठे ठाणे होते. काउअर्ड स्प्रिंग्जला खजुराच्या झाडांजवळ तंबू ठोकून कोमट पाण्याच्या कुंडात बसता येते, आणि समुद्रसपाटीहून सुमारे 15 मीटर खाली असलेल्या काटी थांडा-लेक एअर या खाऱ्या सरोवराच्या काठी मिठाचा पांढरा विस्तार नजर संपेपर्यंत पसरलेला दिसतो. साधी कॅम्परव्हॅन भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या अशा कच्च्या रस्त्यावर जाऊच देत नाहीत.

डिझेल मारी, विल्यम क्रीक, ऊडनडाटा आणि मार्ला येथे मिळते. टप्पे साधारण 200 किलोमीटरचे आहेत, म्हणून प्रत्येक ठिकाणी टाकी भरून घेतली की पुरते. पिण्याचे पाणी मात्र माणशी दिवसाला किमान 5 लिटर धरून गाडीतील टाकीखेरीज वेगळ्या कॅनमध्येही ठेवावे, म्हणजे एक गळले तरी दुसरे हाताशी राहते.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा रबरासाठी कापला आहे, अर्धा झोपायच्या पिशव्यांसाठी, आणि उरलेला अर्धा गाडी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला परत करताना आकारलेल्या धूळ-सफाईच्या वेगळ्या शुल्कासाठी.