प्राग की व्हिएन्ना? आई बरोबर असेल तर

आठ दिवसांत सात देश करण्यापेक्षा युरोपातलं एखादं शहर धरून तिथंच निवांत राहायचं, असं म्हणणारी घरं नाशकात आता बरीच भेटतात. यादी कितीही लांब सुरू झाली तरी बहुतेकांची गाडी शेवटी झेक प्रजासत्ताकातलं प्राग आणि ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या दोन नावांवर येऊन थांबते. आमचंही तसंच झालं. आम्ही मेच्या सुट्टीत दोन्ही शहरांत राहून आलो. बरोबर बायको, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. त्यामुळे पुढचं सगळं अशा घराच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. नुकतं लग्न झालेलं जोडपं किंवा मित्रांचा कंपू यांचा हिशेब वेगळा निघू शकतो.

ज्या गोष्टींत दोन्ही शहरं सारखी आहेत त्या आधी उरकतो. व्हिसा दोन्हींना शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पोहोचणार त्याच्याकडे. मुंबईहून एक विमान बदलून दोन्हीकडे जाता येतं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून नाशकाहून मुंबई गाठताना कसारा घाटाची धास्तीही राहिलेली नाही. हवाही जवळजवळ सारखीच असते. दिवसा विशीच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल इतकी थंड आणि मध्येच अर्धा तास पाऊस. चाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला दोन्हीकडे बरंच वाटेल. डब्याचं म्हणाल तर मेतकूट, चटण्या, थालीपिठाची भाजणी खुशाल न्या. तूप आणि खवा मात्र नेऊ नका, बाहेरून येणाऱ्यांच्या सामानात दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे.

आता प्राग. सौंदर्याचाच निकाल लावायचा असेल तर इथेच थांबा आणि प्रागचं तिकीट काढा. व्हिएन्ना भव्य आहे, पण प्रागमध्ये कुठलीही गल्ली वळा, समोर काहीतरी असं येतं की पाय थबकतात. चार्ल्स ब्रिजचं काम 1357 साली सुरू झालं. त्यावर दोन्ही कठड्यांना मिळून तीस पुतळे आहेत. मेमध्ये तिथे पाचच्या सुमारास उजाडतं. आपल्याकडची सकाळी लवकर उठायची सवय तिथे कामी येते, कारण नऊनंतर पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि पहाटे व्ल्तावा नदी, पुतळे आणि वर टेकडीवरचा किल्ला एवढंच असतं. मुलीला सगळ्यात आवडलं ते जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ. 1410 सालचं हे यंत्र अजून चालू आहे आणि वेळेबरोबर सूर्य-चंद्राच्या राशीही दाखवतं. त्याच चौकातल्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची समाधी आहे. त्याच्या नोंदी हाताशी घेऊन केप्लर याच शहरात मंगळाच्या कक्षेशी झुंजला आणि ग्रहांच्या गतीचे पहिले दोन नियम त्याने 1609 मध्ये छापले. विज्ञानाची गोडी असलेलं मूल बरोबर असेल तर प्रागला हे गुण द्यावेच लागतील.

पैशातही प्राग हलकं जातं. खोली स्वस्त, जेवण स्वस्त, आणि पासष्टच्या पुढच्यांना मेट्रो-ट्राम फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. आईचा पासपोर्ट त्यासाठीच पर्समध्ये ठेवला होता. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, तळलेलं चीज जवळपास प्रत्येक खानावळीत मिळतं. फक्त सूप मागवताना ते मांसाच्या पाण्यात शिजवलेलं आहे का हे विचारून घ्या. चलन तेवढं वेगळं, कोरुना. माझ्या फॉरेक्स कार्डात तो भरायची सोयच नव्हती, त्यामुळे दर वेळी युरोतून कोरुनात बदलताना थोडे थोडे पैसे कापले जात होते. पर्यटकांच्या चौकातल्या नोटा बदलून देणाऱ्या खिडक्यांपासून लांबच राहिलेलं बरं, पाटीवरचा भाव आणि हातात पडणारा भाव यांत फरक पडू शकतो.

इतकं सगळं बाजूने असूनही माझं मन प्रागवर बसलं नाही, आणि त्याचं कारण पायाखाली होतं.

प्रागचे फूटपाथ दगडी घनांचे आहेत. दोन-अडीच इंचांचे पांढरे, काळे, गुलाबी चौकोनी दगड हाताने एकेक बसवून नक्षी काढलेली. बघायला अतिशय देखणं काम आहे. पण प्रत्येक दगड शेजारच्यापेक्षा केसभर वर नाहीतर खाली असतो. फटींतली वाळू ठिकठिकाणी निघून गेलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी माथे गुळगुळीत झालेले असतात. पाऊस पडून गेला की त्यावर पाय ठरत नाही. रस्त्यावरचे दगड याहून मोठे आणि जास्त गोलसर. आपली चाकांची बॅग तिथे ओढून बघा, पहिल्या पन्नास पावलांत हात दुखायला लागतो. तरण्या माणसाला हे जाणवतही नाही. आईच्या गुडघ्यांना मात्र प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात टाकावं लागत होतं. घरी ती रोज सकाळी गोदाघाटापर्यंत चालत जाऊन येते, म्हणजे चालायची सवय नाही असंही नाही.

माला स्त्राना भागातून किल्ल्याकडे जाताना नेरुदोवा नावाची चढाची गल्ली लागते. दोन्ही बाजूंना जुनी घरं, प्रत्येक दारावर कोरलेली वेगळी खूण, कुठे किल्ली, कुठे हंस, कुठे तीन सारंग्या. घरांना नंबर नव्हते तेव्हा पत्ता सांगायला या खुणा वापरायचे. मुलगी एकेक खूण शोधत पुढे पळत होती आणि आजीला हाका मारत होती. आजी माझा दंड धरून खाली बघत चालत होती. वर मान करायला थांबावं लागायचं, आणि मागून गर्दी येत असल्यामुळे थांबताही यायचं नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मुलीने विचारलं, आजी, हंस पाहिलास ना? आई म्हणाली, नाही गं बाई, मी दगडच मोजत होते. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, पण मला ते लागलं. एवढ्या लांब आणून आईला जर फूटपाथच दाखवायचा असेल तर काय उपयोग?

त्यात भर मेट्रोच्या सरकत्या जिन्यांची. ते आपल्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा चांगलेच जोरात पळतात आणि खूप खोल जातात. नामेस्ती मीरू स्थानकातला जिना 87 मीटर लांब आहे, वरून बघितलं तर खालचं टोक नीट दिसत नाही. काही स्थानकांवर अजून लिफ्ट नाही. ट्राममध्येही जुन्या टाट्रा गाड्या अधूनमधून येतात. त्यांच्या पायऱ्या इतक्या उंच की आईला हात धरून ओढून घ्यावं लागायचं. वेळापत्रकात खालच्या पायरीच्या गाडीसमोर व्हीलचेअरची खूण असते, ती बघून थांबलं तर चालतं, एवढं मात्र प्रागच्या बाजूने सांगतो. किल्ला बघायचाच असेल तर आणखी एक उपाय आहे. 22 नंबरच्या ट्रामने पोहोर्शेलेत्सपर्यंत वर जायचं आणि उतारावरून हळूहळू खाली यायचं. चढाचा त्रास वाचतो, दगड तेच राहतात.

प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास. उतरल्या दिवशीच फरक कळला. व्हिएन्नाच्या अगदी मधल्या भागात काही ठिकाणी दगडी फरशी आहे, पण एरवी फूटपाथ सपाट आणि रुंद. मेट्रोच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे. आम्ही बसलो त्या ट्रामची पायरी फूटपाथपासून इतकी कमी उंच होती की आई कुणाचा हात न धरता चढली. रिंगरस्त्यावरून जाणाऱ्या ट्राममध्ये खिडकीशी बसलं की ऑपेरा, राजवाडा, संसद, नगरभवन, विद्यापीठ सगळं समोरून जातं. मुलीसाठीही इथे एक मोठी सोय निघाली. सरकारी राष्ट्रीय संग्रहालयांत 19 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. त्यामुळे निसर्ग-इतिहास संग्रहालयात ती हवी तेव्हा गेली, विलेनडोर्फ गावाजवळ सापडलेली तळहाताएवढी हजारो वर्षं जुनी स्त्रीमूर्ती पुन्हा पुन्हा बघून आली, आणि एकदाच घुसून सगळं उरकायची घाई कुणाला झाली नाही. श्योनब्रुनच्या बागेतही फिरायला तिकीट नाही. राजवाड्याचं आतून दर्शन घ्यायचं की नाही हे पाय किती दमलेत त्यावर ठरवता येतं.

व्हिएन्नाची उणी बाजूही आहे. महाग आहे, हे पहिलं. दुसरं म्हणजे रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी सहाला किराण्याचं दुकान मिटतं ते सोमवारी उघडतं. मेच्या सुमारास त्यांच्या धार्मिक सुट्ट्याही पाठोपाठ येतात, त्या दिवशी तीच गत. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकानं उघडी असतात, पण शनिवारीच दूध-ब्रेड-फळं घेऊन ठेवलेली बरी. आणि प्रागसारखं गल्लीत वळल्यावर काळजाचा ठोका चुकवणारं इथे कमी. व्हिएन्ना आखीव आहे. काहींना ते कोरडंही वाटेल.

पण नाशिकच्या माणसाने व्हिएन्नाला का जावं याचं एक कारण मला कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत ठळक दिसलं नव्हतं. या राजधानीच्या हद्दीत पाचशे हेक्टरांहून जास्त द्राक्षबागा आहेत. शहराबाहेर लांब कुठेतरी नव्हेत, ट्रामच्या शेवटच्या थांब्याला लागून. डी नावाची ट्राम बेल्व्हेडेर राजवाड्यापासून रिंगरस्त्याने जाते आणि नुसडोर्फला संपते. तिथून थोडं चाललं की टेकडीच्या उतारावर रांगाच रांगा.

आईचं माहेर दिंडोरीकडचं, घरची बाग. तिथे पोहोचल्यावर तिची चाल बदलली. रस्त्याच्या कडेच्या वेलीजवळ गेली, पान उलटून मागची बाजू पाहिली, कोवळ्या फुटीवरचे मोहरीएवढे हिरवे घड बोटाने हलकेच वर उचलले. वेल मांडवावर नव्हता, तारांवर सरळ उभा बांधलेला, म्हणजे सगळं तिच्या डोळ्यांसमोरच होतं. मग प्रश्न सुरू झाले. ओलांडा, म्हणजे वेलाची आडवी फांदी, इतका खाली का? पानांच्या बगलेतून येणाऱ्या बगलफुटी कधी काढतात? आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. तिथे हिवाळ्यात वेल आपोआप झोपतो, त्यामुळे एकच छाटणी. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, थंडीच त्यांचं अर्धं काम करते म्हणायची. एकाच बागेत अनेक जाती मिसळून लावायच्या आणि एकत्रच तोडायच्या ही व्हिएन्नाची खास जुनी पद्धत आहे. ती तिला अजिबात पटली नाही. साखर एकदम कशी भरेल सगळ्यांत, हा तिचा मुद्दा होता आणि तो बरोबरच आहे. त्यांना खायची द्राक्षं पिकवायची नसतात, हे मी सांगून पाहिलं.

बागवाल्यांच्या अंगणातच खाणं-पिणं मिळतं. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने बागायतदारांना स्वतःची वाइन घरीच विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही रीत. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की अंगण उघडं आहे समजायचं. वाइन घेत नसाल तर द्राक्षाचा रस मागा. आमच्यातल्या तिघांनी तोच घेतला, बरोबर ब्रेड, चीज, बटाट्याचं सॅलड. वरच्या बाजूला काहलेनबेर्गची टेकडी दिसते. 12 सप्टेंबर 1683 रोजी पोलंडचा राजा सोबिएस्की याच डोंगरावरून सैन्य घेऊन उतरला आणि तुर्कांचा दोन महिन्यांचा वेढा मोडला. त्याच काळात नाशिकजवळच्या आपल्या रामशेज किल्ल्याला मुघलांचा वेढा पडलेला होता. 1682 मध्ये बसलेला तो वेढा वर्षानुवर्षं चालला आणि मूठभर मावळ्यांनी किल्ला झुंजवत ठेवला. दिंडोरी रस्त्याने माहेरी जाताना आई आयुष्यभर रामशेज बघत आलेली आहे. तिला हे सांगितलं तेव्हा ती त्या टेकडीकडे मान वर करून नीट बघत राहिली. प्रागमध्ये तिला तसं बघताच आलं नव्हतं.

म्हणून माझं मत, मत म्हणूनच घ्या: घरात कुणाचे गुडघे कुरकुरत नसतील आणि पैसे जरा जपून वापरायचे असतील तर प्राग, आणि पहाटे पुलावर जायला विसरू नका. 12 मेपासून तिथे शास्त्रीय संगीताचा मोठा महोत्सवही सुरू होतो. पण आई-वडील बरोबर असतील तर मी व्हिएन्नाच सांगेन. दोन्हींचा मोह सुटत नसेल तर आधी दोन रात्री प्राग, उरलेले सगळे दिवस व्हिएन्ना, आणि परतीचं विमान व्हिएन्नाहून, म्हणजे रेल्वेचा प्रवास एकदाच होतो. व्हिसाचा अर्ज मग ऑस्ट्रियाकडे. खोली शोधताना रिंगरस्त्याच्या आतली महागडी जागा धरायची गरज नाही. डी ट्रामच्या वाटेवर, थांब्यापासून चार-पाच मिनिटांत, लिफ्ट असलेल्या इमारतीत बघा. जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात, तेवढं पैसे भरण्याआधी विचारून घ्या.