द लेपर्ड (पेपरबॅक) : वाड्यावाल्यांनी तर वाचाच

हे पुस्तक ज्यांनी ज्यांनी सुचवलं त्या सगळ्यांनी सेम स्टोरी सांगितली, की इटलीतला एक म्हातारा प्रिन्स, कॅन्सर झालेला, मरता मरता आयुष्यातली एकमेव कादंबरी लिहून गेला आणि ती छापलेली बघायलाही उरला नाही. हे ऐकल्यावर कुणाला वाचावंसं वाटेल सांगा. त्यामुळे कितीतरी दिवस ते कार्टमध्येच पडून होतं, शेवटी एका सेलमध्ये पाचशेच्या आत मिळालं म्हणून घेतलं, आणि साहेब, हे रडायचं पुस्तकच नाहीये. खवचट आहे. साताऱ्यात राजवाड्यावर संध्याकाळी कट्ट्यावर बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढणारे म्हातारे असतात ना, त्यातला सगळ्यात शिकलेला म्हातारा लिहायला बसला तर असं लिहील.

आधी त्या मरणाच्या स्टोरीचं बघू, कारण ती अर्धीच खरी आहे. लेखक जुझेप्पे तोमासी, लाम्पेदूसाचा प्रिन्स, जन्म 1896, गाव इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरचं पालेर्मो. खानदानी वाडा 1943 ला बॉम्बिंगमध्ये गेला. पुढची कितीतरी वर्षं काम म्हणाल तर वाचन आणि कॅफेत बसणं. 1954 ला मावसभावाबरोबर एका साहित्य संमेलनाला गेला, हा मावसभाऊ कविता करायचा आणि तिथे त्याचं मोठमोठ्यांनी कौतुक केलं, मग हे महाराज घरी आले ते हा लिहू शकतो तर मी काय कमी आहे असं म्हणत, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लिहायला बसले! म्हणजे मूळ कारण भाऊबंदकी. कॅन्सर, फुफ्फुसाचा, कळला 1957 मध्ये, तोवर कादंबरी लिहून झालेली होती. पुस्तकात हिरो मरतो ते प्रकरण आजाराचं निदान व्हायच्या आधीचं आहे, आणि मला हे त्या सिनेमॅटिक स्टोरीपेक्षा जास्त भारी वाटतं. दोन प्रकाशकांनी नकार दिला, दुसरा नकार तर शेवटच्या दिवसांत हातात पडला, 23 जुलै 1957 ला रोममध्ये गेला बिचारा. 1958 ला पुस्तक आलं, 1959 ला स्ट्रेगा प्राइझ, तिथला मोठा पुरस्कार आहे हा.

आता आतला माल. 1860, क्रांतिकारकांचा सेनानी गॅरिबाल्डी सिसिलीत उतरलाय, तुकड्यातुकड्यांची इटली एक होतेय. हिरो डॉन (म्हणजे तिकडचं 'साहेब', माफियावाला नाही) फाब्रीझिओ, सालीनाचा प्रिन्स, धिप्पाड, तापट, दुर्बिणीतून तारे बघण्याचा नाद. त्याला कळतंय की आपले दिवस भरले, आणि त्याचा लाडका भाचा तांक्रेदी मात्र वारं बघून सरळ क्रांतिकारकांना जाऊन मिळतो. आपल्याकडे सावरकरांनी 1907 ला इटालियन क्रांतिकारक मॅझिनी मराठीत आणला, त्यामुळे मॅझिनी-गॅरिबाल्डी म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त देशभक्ती. इथे तीच क्रांती वाड्याच्या खिडकीतून दिसते आणि वाड्यातला माणूस विचारतो, बरं, मग आता जमिनी कुणाच्या नावावर जाणार?

जाणार डॉन कालोजेरोच्या. हे कॅरेक्टर मी सातारा जिल्ह्यात पन्नास ठिकाणी बघितलंय. सावकारी, दलाली करून प्रिन्सच्याच जमिनी हळूहळू गिळलेला, आता गावचा मेयर. वाड्यावर जेवायला येतो तर टेलकोट घालून, आणि यजमान प्रिन्स मात्र पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मुद्दाम साध्या कपड्यात. आख्खा सीन मी दोनदा वाचला. त्याच जेवणात पाहुणे घाबरलेत की आता हे मोठे लोक फॅशनचं सूप देणार, आणि दारातून येतात मॅकरोनी भरून भाजलेले मोठे सोनेरी पाय (pie, तंगडी नव्हे). सुरी लावली की दालचिनी-साखरेचा वास, मग आतून कोंबडीची कलेजी, उकडलेली अंडी, हॅम, आणि वाफाळती मॅकरोनी. सगळ्यांचा जीव भांड्यात. आपल्याकडे लग्नात पंगतीऐवजी बुफे बघून ज्येष्ठांचा चेहरा पडतो आणि नंतर मटण दिसल्यावर खुलतो, अगदी तोच सीन.

पण माझ्यासाठी पुस्तक वसूल झालं ते नव्या इटलीत सामील व्हायचं का, या सार्वमताच्या भागात. गावात मतदान होतं, निकाल मेयर स्वतः बाल्कनीतून वाचतो : मतदार 515, मतदान 512, हो 512, नाही शून्य. नंतर शिकारीला गेल्यावर गावातला गरीब ऑर्गन वाजवणारा डॉन चिच्चो प्रिन्सला सांगतो की मी तर 'नाही' टाकलं होतं. मग ते गेलं कुठं? तो माणूस चिडून चिडून बोलतो ती दोन-तीन पानं म्हणजे ज्याने ज्याने सोसायटीची किंवा कारखान्याची निवडणूक जवळून बघितलीय त्याने वाचावीत, जास्त बोलत नाही.

आमच्या आत्याच्या सासरी कोरेगाव तालुक्यात वाडा आहे, म्हणजे आता दिंडी दरवाजा आणि दोन खोल्या. तिचे सासरे तारीख सांगायचे, 1 एप्रिल 1957, कूळ कायद्याचा दिवस, कसणारे मालक झाले आणि सातबारावरची नावं बदलली. आत्या म्हणते ते गेले तोपर्यंत जमीन 'आपली' म्हणूनच बोलायचे, आणि ज्यांना ती मिळाली त्यांची नातवंडं आज इंजिनिअर आहेत हेही तितकंच खरं. लाम्पेदूसाला कॅन्सर कळला तो त्याच सालचा उन्हाळा. योगायोगच, पण पुस्तक वाचताना ते सासरे सारखे आठवत होते. प्रिन्सला स्वतःच्या वर्गाचा पुळका नाही बरं का, आपण निरुपयोगी आहोत हे तो स्वच्छ बघतो, सरकार सेनेटर करायला येतं तर नको म्हणतो आणि त्या डॉन कालोजेरोलाच करा म्हणून सुचवतो! हा टोमणा आहे की सल्ला हे तुम्ही ठरवा.

पाचव्या प्रकरणात वाड्यातले पाद्री स्वतःच्या खेड्यात जातात, ते बोअर होतं असं बरेच जण म्हणतात. मला उलट वाटलं. बदामाच्या बागेवरून भावाभावांत वर्षानुवर्षं वैर, पोरगी त्याच भाऊबंदांतल्या पोरापासून गरोदर, आणि पाद्री अर्धी बाग हुंड्यात द्यायला लावून लग्न उरकतात. बांधावरून कोर्टात चपला झिजवणाऱ्यांना यात बोअर काय होणार.

आणि मरणाचं प्रकरण, 1883, पालेर्मोतलं हॉटेल, जुलैचं ऊन. म्हातारा पडल्या पडल्या हिशोब करतो की त्र्याहत्तर वर्षांत आपण खरंखरं जगलो किती, आणि उत्तर येतं दोन, फार तर तीन वर्षं. रडारड नाही, चक्क जमाखर्च. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

आता तक्रारी. इंग्रजी भाषांतर आर्चिबाल्ड कोलकुहूनचं, 1960 चं, वाक्यं लांब आणि शब्द जुने, मोबाईलमध्ये डिक्शनरी उघडी ठेवा. पहिली तीसेक पानं नावांचा नुसता गोंधळ, डॉन अमुक डॉन तमुक, कागदावर नाती लिहून घेतली तेव्हा जमलं. मी घेतलेल्या आवृत्तीत दत्तक मुलाने लिहिलेली प्रस्तावना आहे, चांगली आहे पण शेवटी वाचा, सगळं सांगून टाकते. छपाई ठीक, टाइप थोडा बारीक. ज्याने विकलं त्याने नुसत्या पातळ प्लास्टिकमध्ये पाठवलं आणि कोपरा चेपून आला, बदलून मागितलं तर उत्तर नाही, त्याचा अर्धा स्टार पुस्तकाच्या नावावर कापत नाही.

विस्कोंतीचा 1963 चा पिक्चर बघायचाच असेल तर नंतर बघा. प्रिन्स झालेला बर्ट लँकेस्टर जबरदस्त आहे पण पिक्चर बॉलडान्सपाशीच संपतो, म्हातारपण आणि 1910 चं शेवटचं प्रकरण त्यात नाहीच. त्या बॉलच्या प्रकरणात एक जागा आहे : छतावर रंगवलेले देव खाली बघतायत, स्वतःला अमर समजतायत, आणि लेखक मध्येच सांगतो की 1943 ला पिट्सबर्गमध्ये बनलेला बॉम्ब यांचा निकाल लावणार आहे. 1862 च्या सीनमध्ये, एका वाक्यात. ज्याचा स्वतःचा वाडा तसाच गेला त्यानेच हे लिहावं. पिक्चरमध्ये हे कुठून दाखवणार.

पाचपैकी साडेचार. इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर घ्या, दिवाळीच्या सुट्टीत आरामात होतं. माझी कॉपी सध्या आत्याकडे आहे, ती परत मिळेल असं वाटत नाही, तेव्हा मला मागू नका.