लेख आपोआप चार ठिकाणी टाकणारं प्लगइन: आठ महिने वापरल्यावर

रात्री ओटा आवरून लेख पूर्ण करायचा आणि मग फेसबुक, टेलिग्राम आणि ट्विटरसारखीच असलेली मॅस्टोडॉन, ब्लूस्काय अशा चार दारांत तीच लिंक ठेवत फिरायचं, याचा मला वीट आला होता. म्हणून गेल्या गणपतीच्या तोंडावर माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसला आपोआप शेअर करणारं एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, जोडलं. माझा ब्लॉग कोकणातल्या स्वयंपाकाचा, आठवड्याला एक, फार तर दोन लेख. तेवढ्याच पसाऱ्याचा हा अनुभव आहे, मोठ्या साइटवाल्यांनी आपला हिशेब वेगळा करावा.

खाती जोडायला एक दुपार गेली. टेलिग्राम सगळ्यात सोपं: टेलिग्रामच्याच बॉटफादरकडून बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारं खातं, तयार करून घ्यायचा, त्याला चॅनेलचा अ‍ॅडमिन करायचं, झालं. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायनेही कटकट केली नाही. फेसबुकवर मात्र माझी अपेक्षाच चुकीची होती. स्वतःच्या प्रोफाइलवर बाहेरच्या अ‍ॅपने पोस्ट टाकणं ऑगस्ट २०१८ पासूनच बंद आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ग्रुपमध्येही टाकता येत नाही. उरतं फक्त पेज. माझे वाचक ग्रुपमध्ये, पेजवर मी आणि माझ्या दोन मावसबहिणी!

पहिला फटका मोदकांच्या लेखाला बसला. सकाळी ७ ला लावलेला लेख दुपारी साडेबाराला गेला, म्हणजे घरोघरी नैवेद्य दाखवून झाल्यावर. दोन दिवस मी प्लगइनला शिव्या देत होते. दोष निघाला माझाच. वर्डप्रेसची घड्याळाची सेटिंग मी कधी बदललीच नव्हती, ती यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होती, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ते दुरुस्त केल्यावरही कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास उशीर होतच राहिला. त्याचं कारण आणखी मजेशीर आहे. वर्डप्रेसची वेळेवर करायची कामं साइटवर कुणीतरी आलं की सुरू होतात. पहाटे माझ्या साइटवर कोण येणार? शेवटी होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन, म्हणजे कुणी येवो न येवो ठरल्या वेळी काम सुरू करणारा गजर, लावला, तेव्हापासून वेळ चुकलेली नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचा. प्लगइन लेखाचा सुरुवातीचा मजकूर उचलतं आणि ठरलेल्या आकड्यावर कापतं. इंग्रजीत फार तर शब्द अर्धा राहतो, आपल्याकडे जोडाक्षराचा पाय मोडतो. एकदा ‘खोबऱ्याच्या’ऐवजी ‘खोबर्’ असं लटकलेलं गेलं. आता प्रत्येक लेखाला उतारा मी वेगळा लिहिते, दोनच वाक्यं, आणि तोच जाईल असं बघते. ब्लूस्कायची मर्यादा ३०० अक्षरांची आणि मॅस्टोडॉनची साधारण ५०० अक्षरांची आहे, पण तिथे काना-मात्रा वेगळ्या मोजत नाहीत, त्यामुळे मराठीला ऐसपैस जागा मिळते. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) मात्र काना, वेलांटी, अनुस्वार सगळे सुटे मोजले जातात आणि २८० बघता बघता संपतात.

लेखाचा पत्ता, म्हणजे त्याची लिंक, हीसुद्धा अशीच भानगड. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून नऊ चिन्हांचं होतं आणि वर्डप्रेस पत्त्यातल्या मथळ्याच्या भागाला २०० चिन्हांपुढे जाऊ देत नाही. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम बावीस. ‘रातांब्याची सालं वाळवून घरच्या घरी आमसुलं’ या लेखाचा पत्ता ‘रातांब्याची-सालं-वाळवून’ इथेच संपला, आणि टेलिग्रामवर टक्क्याच्या खुणांची हातभर शेपटी दिसली. आता पत्ता रोमनमध्ये, दोन-तीन शब्दांत, स्वतः लिहिते.

जानेवारीत आणखी एक प्रताप. फोनवर बोट लागलं आणि ‘उंधियो की पोपटी, नंतर ठरव’ या मथळ्याचा कच्चा खर्डा प्रकाशित झाला. मिनिटाभरात चारही ठिकाणी पोहोचला. मी लेख मागे घेतला, पण बाहेर गेलेल्या पोस्ट परत येत नाहीत, त्या चारही जागी जाऊन हाताने काढाव्या लागल्या. प्लगइनमध्ये काही मिनिटं थांबून शेअर करण्याची सोय होती, ती तेव्हा चालू केली. पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

प्लगइनबद्दल खरी तक्रार एकच: ते बिघडल्याचं सांगत नाही. एका खात्याची परवानगी ६० दिवसांनी संपली आणि तिथे सलग पाच लेख गेलेच नाहीत. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता म्हणे. साधा ईमेल पाठवायला काय जात होतं? आता दर महिन्याच्या एक तारखेला, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, ‘खाती तपासणे’ असं कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.

वाचक वाढले का? टेलिग्रामवर थोडे, मॅस्टोडॉनवर मोजकेच पण बोलके. तिथल्या एकाने तिरफळाबद्दल इतकं विचारलं की त्यावर आख्खा लेख झाला. माझे बहुतेक वाचक येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि तिथे चॅनेल असो की घरचा ग्रुप, हे प्लगइन काही पाठवू शकत नाही. तिथे मीच लिंक टाकते. परवा आमसुलांची टाकली, तर आत्याचं उत्तर: “लिंक उघडत नाही गो, मीठ किती ते इथेच सांग.”

पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. ती वाढवणार नाही, कारण तिच्यातलं जुने लेख पुन्हा पुन्हा फिरवण्याचं यंत्र मी एकदाच वापरलं आणि ऐन मे महिन्यात हुलग्यांचं कळण गेलं. फुकटची आवृत्ती ठेवतेय, टेलिग्राम, मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायपुरती. फेसबुकवर पूर्वीसारखं हातानेच, ग्रुपमध्ये जाऊन, चार शब्द बोलून टाकेन.