नडगी दुखतेय: पूर्ण विश्रांती की सायकल?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला सहा आठवडे उरलेत आणि नडगी ठणकायला लागली. आधी बोटाने दाबून बघा. दुखणं आतल्या कडेला वीतभर पसरलेलं असेल, तर सायकल किंवा पोहणं बरं: हाडावर आदळआपट नाही, दम मात्र टिकतो. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठसठसत असेल, तर पूर्ण विश्रांती आणि हाडांचे डॉक्टर. हाडाला बारीक तडा असू शकतो; सुरुवातीच्या एक्स-रेत तो बरेचदा दिसतही नाही.

थकव्याचं वेगळं. पुरेशी झोप होऊनही पाय जड असतील, तर सायकलही नको.

माझा कल सायकलकडे. पण गोळी खाऊन पेडर रोडचा चढ चढणारं कुणी दिसलं की जीव तुटतो.