जुन्या हॉटेलातील सदनिका: एका व्हॉल्व्हअभावी

गेल्या आठवड्यात खालच्या घरातील न्हाणीचा पाइप फुटला आणि एकाच घराचे पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह नसल्याने तो बदलण्यासाठी आमच्या बाजूच्या सर्व घरांचे पाणी तोडून गच्चीवरील भरलेली टाकी रिकामी करावी लागली. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथील वाचकांना सांगायला नको. उजनीहून आलेले ते पाणी गटारात जाताना पाहून झालेल्या संतापातून हा अनुभव लिहीत आहे.

१८६० मध्ये येथे रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली, आणि कापडाच्या खरेदीसाठी येणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे स्टेशनकडच्या भागात हॉटेलांना बरकत आली. गिरण्या बंद पडत गेल्या तसे ते गिऱ्हाईक ओसरले. आज आमची घरे ज्या इमारतीत आहेत ते हॉटेलही त्यातच मिटले आणि पुढे बिल्डरच्या हाती गेले.

त्याने मधल्या भिंती पाडून दोन-दोन खोल्यांचे एक घर केले, वीजमीटर वेगळे केले, सागवानी जिन्याला झकास पॉलिश दिले. मात्र डक्टमधील, म्हणजे पाइपांसाठीच्या पोकळीतील, उभी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाण्याची लाइन होती तशीच ठेवली. हॉटेलात एक बाजू बंद ठेवून पाहुण्यांना दुसऱ्या बाजूच्या खोल्या देता येत असल्याने प्रत्येक खोलीला स्वतंत्र व्हॉल्व्हची गरज नव्हती. जेथे प्रत्येक घरी माणसे कायमची राहतात तेथे ही रचना चालत नाही, हे एका चादरीच्या किमतीत बसणाऱ्या त्या व्हॉल्व्हच्या अभावाने दाखवून दिले.

बिल्डरचे उत्तर असे, की नळकाम ज्याचे त्याने पाहावे. परंतु आमची घरे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली नोंदलेली आहेत, आणि त्या कायद्यात थंड व गरम पाण्याची मध्यवर्ती व्यवस्था, टाक्या आणि पंप सामाईक सुविधांत मोडतात. त्यांचा खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक भागांतील, वेगळा न काढता येणाऱ्या मालकीच्या) टक्केवारीने वाटला जातो. ही टक्केवारी इमारत या कायद्याखाली आणताना नोंदवलेल्या घोषणापत्रात असते, आणि जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने जिन्याच्या आधी ते वाचावे.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती पाहून मी हे घर विकण्याच्या विचारात होतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर मात्र जाड दगडी भिंतींनी आणि उंच छताने दुपार सुसह्य केली. कूलर अजून माळ्यावरच आहे आणि विजेचे बिल मागच्या घरापेक्षा कमी येते. त्यामुळे विक्रीचा विचार सोडला, तक्रार मात्र सोडलेली नाही.

सभेत प्रत्येक घराला व्हॉल्व्ह बसवण्याचा ठराव झाला. वरच्या मजल्यावरील मोठ्या घरांचे मालक खर्च सर्व घरांत सारखा वाटावा असे म्हणतात, कारण टक्केवारीने त्यांच्यावर जास्त भार येतो. मी टक्केवारीवर अडून आहे, आणि व्हॉल्व्ह बसेपर्यंत जिन्याच्या पुढच्या पॉलिशची वर्गणी देणार नाही, असे लेखी कळवले आहे.