गोधडीची बॅटिंग: दिवाळी ते आषाढ वापरून काय टिकलं, काय गोळा झालं

घाईत असाल तर आधीच सांगून टाकते. सोलापुरात रोज अंगावर घ्यायची आणि वरचेवर धुवायची गोधडी असेल, तर तिची बॅटिंग, म्हणजे आत घालायचं भरण, नीडल पंच केलेली (सुयांनी टोचून तंतू एकमेकांत अडकवलेली) पातळ सुती शीट घ्या, नाहीतर आपल्या आज्या करायच्या तसे जुन्या सुती साड्यांचे थर लावा. पॉलिएस्टरची फुगीर शीट भिंतीवर टांगायच्या कामाला ठेवा. आता हे मत का झालं ते सविस्तर.

बॅटिंगवरचे बहुतेक व्हिडिओ थंड मुलखातल्या बायकांचे असतात. ऊब किती, फुगवटा किती, यावर त्यांचं सगळं अडलेलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे माझे प्रश्न वेगळे होते: ओली झाल्यावर गोधडी एकट्या बाईला उचलते का, किती बादल्यांत साबण निघतो, आणि वाळल्यावर आतलं भरण होतं तिथेच राहतं का. दिवाळीच्या आधी घरच्यांसाठी गोधड्या शिवल्या तेव्हा वरचं कापड आणि अस्तर सगळ्यांना सुतीच घेतलं, मुद्दाम. भरण तेवढं प्रत्येकीत वेगळं. जानेवारीतल्या गड्डा जत्रेची थंडी, मेचा उन्हाळा आणि आता आषाढाची दमट हवा, असं सगळं त्यांच्यावरून गेलंय.

पॉलिएस्टरपासून सुरुवात करते, कारण बाजारात तीच आधी पुढ्यात येते. स्वस्त, हलकी, पांढरीशुभ्र. शिवताना सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते, आणि नवी गोधडी घडी घालून ठेवली की दुकानातल्यासारखी दिसते. धुणंही सोपं: पाणी धरत नाही, सकाळी वाळत घातली की दुपारी आत. मग तक्रार काय? पहिली तक्रार, आत हवा कोंडते. पॉलिएस्टर घाम शोषत नाही. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतो, हे अर्धा टक्काही धरत नाही. फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे ती गोधडी पहाटे पायाशी ढकललेली दिसायला लागली. दुसरी तक्रार मला जास्त लागली. वरच्या तुकड्यांत एक जुन्या चंद्रकळेचा होता. दोन-चार धुण्यांनंतर त्या काळ्यावर बारीक पांढरी लव दिसू लागली. आधी वाटलं, टॉवेलचा लिंट चिकटलाय. ब्रशने झटकलं, जाईना. चष्मा लावून पाहिलं तर प्रत्येक तंतू कापडाच्या विणीतूनच वर आलेला, आणि चिमटीत धरून ओढला की आतून आणखी लांब निघतो. तो ओढायचा नाही, मागून दुसरा येतो. गडद कापड असेल तर हे नक्की लक्षात घ्या. स्वस्त शीटमध्ये तंतू वरवरच्या रसायनाने चिकटवलेले असतात; उष्णतेने सांधलेली शीट जरा महाग पडते, पण तिच्यात हा त्रास कमी. आणि कडक इस्त्री कोणत्याच पॉलिएस्टरवर नको, शीट तिथल्या तिथे चपटी होऊन बसते.

'कॉटन' म्हणून जे देतात त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका दुकानात मला शुद्ध कापूस सांगून दाखवलेली शीट मी कोपऱ्यातून चिमूटभर मागून घेतली आणि घरी चिमट्यात धरून पेटवली. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, राख बोटाने चुरडते. ही आक्रसली, वितळली आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. पुन्हा त्या दुकानात गेले नाही.

जीएसएमचं गणितही दुकानात उभं राहूनच करावं. एक चौरस मीटर शीटचं वजन किती ग्रॅम, एवढंच ते. सिंगल गोधडी साठ बाय नव्वद इंच धरली तर साधारण साडेतीन चौरस मीटर होते. म्हणजे १०० जीएसएममध्ये साडेतीनशे ग्रॅम भरण, २०० मध्ये सातशे. आपल्याकडे १०० ते १५० पुरे. २०० च्या पुढे हाताने धावदोरा घालताना एका वेळी सुईवर चार टाकेही बसत नाहीत, एकेक टाका उपसत बसावं लागतं.

गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस हा आपल्या सवयीचा. ऊब त्याच्याइतकी कोणाचीच नाही, जानेवारीत घरात त्याच रजईवरून ओढाताण होती. पण ती रजई आहे, गोधडी नव्हे, आणि ती धुवायची वस्तूच नाही. सुटा कापूस आहे. टाक्यांच्या ओळींत दोन-तीन इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवलं की पाण्यात तो एका कोपऱ्यात जाऊन गोळा होतो. शिवाय हलक्या प्रतीच्या कापसात सरकीच्या टरफलांचे बारीक तुकडे राहतात, त्यांचं तेल ओलसरपणात कापडावर पिवळट ठिपके सोडतं. फिकं अस्तर असेल तर ते दिसतात. याला खोळ घाला, खोळ धुवा, रजईला उन्ह दाखवा, आणि काही वर्षांनी उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्या. ज्यांना हे जमतं त्यांनी जरूर करावी.

नीडल पंच सुती बॅटिंग मला ऑनलाइन मागवावी लागली, आणि पॉलिएस्टरच्या दोन-तीन पट पैसे पडले. हिच्यात काटेरी सुया शेकडो ठिकाणी टोचून कापसाचे तंतू एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ती हातात घेतली की जाड फलालीनसारखी लागते. टाक्यांत सात-आठ इंच अंतर ठेवलं तरी सरकत नाही. सुती कापडाला आपोआप धरून राहते, त्यामुळे कच्चे टाके कमी लागतात. पॉलिएस्टरवर कापड घसरतं तसं होत नाही. घेताना एक विचारा: आत जाळी आहे का? काही शीटमध्ये मजबुतीसाठी पातळ कृत्रिम जाळी असते. मशीनवर शिवणार असाल तर उत्तम, हाताने शिवणार असाल तर अंगुस्ताना घालूनही बोट दुखतं. मी बिनजाळीची घेतली.

ही आटते. पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के, म्हणजे नव्वद इंचांत तीन-साडेचार इंच. त्यामुळे गोधडीवर चुण्या पडतात. मला त्या आवडतात, वापरलेल्या वस्तूची ऊब येते. सासूबाईंना नाही आवडल्या. "नवीन करून जुनी केलीस होय गं?" म्हणाल्या. सपाटच हवी असेल तर शीट आधी कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, चटईवर पसरून वाळवा आणि वरचं कापडही पाण्यातून काढून घ्या. ओली झाल्यावर ही पॉलिएस्टरपेक्षा बरीच जड होते हे खरं. दोरीवर एका बाजूने लोंबकळत टाकू नका, दोन दोऱ्यांवर विभागून टाका. आषाढात वाळायला दीड दिवस घेते. पण आतापर्यंत कुठे गोळा नाही, कुठे पोकळी नाही.

साड्यांच्या थरांची गोधडी या सगळ्यांत स्वस्त आणि मेमध्ये सगळ्यांत सुखाची. सुती नऊवारी चार पदरी दुमडली की पावणेसात फूट लांब आणि चारेक फूट रुंद थर तयार. शेजारच्या अक्कांनी सांगितलं होतं, "ताई, इरकलीचे काठ काढून टाका बरं का, नाहीतर सुई रडवती." काठ काढलेच. जिथे साडी विरली होती तिथे दुहेरी घेतली आणि टाके बोटभर अंतरावर घातले. हिला टाके घालताना दोन महिने गेले, हाच काय तो दोष. पाणी मात्र हिला सगळ्यांत कमी लागतं, कारण फेस आत कुठे अडकतच नाही.

सोलापुरी चादर बॅटिंग म्हणून घालावी का, असं बरेच जण विचारतात. घालू नका. घट्ट विणीतून सुई जात नाही, आणि ओली गोधडी दोघांनी उचलावी लागते. चादरीची नक्षी पोटात लपवण्यासाठी विणलेली नाही, ती तशीच अंगावर घ्या. फाटकी चादर असेल तर बसकरात छान बसते. लोकरीचं भरण इथल्या हवेत नको आणि कसरही लागते. बांबूच्या नावाने मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं. मऊ आहे, पण ओलं असताना त्याची ताकद कमी होते म्हणून मी वाटेला गेले नाही.

राहिला कूलर. ज्यांच्या खोलीत रात्रभर पाण्याचा कूलर चालतो त्यांच्याकडे सुती गोधडी सकाळी दमट लागते. आमच्या मुलाच्या खोलीत तसंच झालं. तिथे सकाळी घडी न घालता तासभर खुर्चीवर पसरून ठेवायची, मग ठीक. तरीही दमटपणा सोसवत नसेल तर तेवढ्या एका खोलीसाठी १०० जीएसएमची पॉलिएस्टर चालेल. एसी असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे नीडल पंचच.

आणि कोणतीही शीट घ्या, पूर्ण रोल फाडण्याआधी वीतभर तुकडा दोन कापडांत शिवून तुमच्याच पाण्यात, तुमच्याच साबणाने दोनदा धुऊन बघा. बोअरच्या पाण्यात साबण नीट निघत नाही, आणि जाड भरणात अडकलेला साबण पुढच्या घामाबरोबर वास मारतो.